पापुआ न्यू गिनीतल्या अबेलाम लोकांच्या चित्रांतल्या चिन्हांचे अर्थ कुठे मिळतील?

कुठेच नाही. कुणी 'हे म्हणजे सूर्य, ते म्हणजे सुपीकता' अशी यादी हातात ठेवली, तर त्या माणसापासून जरा जपून राहा.

हाच प्रश्न मला एम.ए.च्या तोंडी परीक्षेत विचारला होता, म्हणून लिहायला बसलोय. माझा लघुप्रबंध मप्रिक भागातल्या कोरांबोवर, म्हणजे त्यांच्या पूजाघरांवर होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दर्शनी भागाच्या फोटोवर बोट ठेवलं, "हे कशाचं प्रतीक?" मी म्हटलं, ते चेहरे न्ग्वालन्डू नावाच्या कुलदेवतांचे आहेत, बाकी आकृत्यांना नावं आहेत, पण त्यांचा अर्थ गावकरी सांगत नाहीत. "मग संशोधकाचं काम काय?" आमच्या मार्गदर्शक बाई चहाच्या कपात बघत बसल्या. शेरा आला, 'विश्लेषण अपुरे'.

अपुरं कसलं? मानववंशशास्त्रज्ञ अँथनी फोर्ज 1958-59 मध्ये आणि पुन्हा 1962-63 मध्ये तिथे राहिला. त्याला भेटलेले चित्रकार कुठलं काम चांगलं, कुठलं फसलं हे चोख सांगत. पण अर्थ विचारला की एकच उत्तर: वाडवडील असंच करायचे, असं केलं की कंद मोठे होतात. सागो ताडाच्या पानांचे खोडाला वेढणारे पसरट देठ सपाट करून एकत्र शिवायचे, त्यावर काळा चिखल, मग मुख्य कलाकाराने ओढलेली पांढरी रेषा, मग लाल-पिवळा. त्यांच्या लेखी रंग हाच शक्तीचा पदार्थ. कंदाला द्यायची 'औषधं'ही त्यातच मोडतात. अर्थ नाही, काम आहे. एवढंच मी म्हणत होतो.

कंद म्हणजे आपल्या कोनफळाचीच जात, फक्त माणसापेक्षा लांब वाढवलेली. लागवड पुरुषांची, त्या काळात ब्रह्मचर्य, बायकांना मळ्यात बंदी. काढल्यावर कंदाला मुखवटा चढवून सजवतात, मांडतात आणि देवाणघेवाणीतल्या जोडीदाराला देऊन टाकतात. स्वतःचा स्वतः खायचा नाही. परीक्षकांनी याचंही एका वाक्यात 'पुरुषी अहंकाराचं प्रतीक' करून टाकलं. प्रतीक म्हटलं की मळ्यात कोण कधी जातं, कुणाचं कुणाशी देणंघेणं आहे, हे बघायची गरजच उरत नाही, नाही का!

तुम्ही अभ्यास करणारच असाल तर आधी अर्थ विचारणं सोडा. कोण रेषा ओढतं, कोण भरतं, कुणाला आत प्रवेश नाही, हे लिहून घ्या. भाषा अंबुलास, न्डू कुळातली. पण सुरुवात टोक पिसिन या तिथल्या संपर्कभाषेने करा, तेवढ्यावर पुष्कळ निभावतं.

हो, एक राहिलं. फोर्जने मुख्यतः पुरुषांचं जग पाहिलं. त्याच्या आधी, 1939-40 मध्ये, मानववंशशास्त्रज्ञ फिलिस केबरी तिथे राहून गेल्या होत्या. आणि नंतर कलाबू गावात काम केलेल्या ब्रिगिट्टा हाउझर-शॉइब्लिन यांनी त्या पांढऱ्या रेषेचं नातं बायका विणतात त्या दोऱ्याच्या पिशव्यांशी जोडून दाखवलं. तेव्हा माझंही म्हणणं थोडं एकांगी धरा. तरी अर्थांची यादी त्यांनीही दिलेली नाही.

स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संग्रहालयात अबेलाम संग्रह मोठा आहे. जमलं तर जा, आणि पाटी शेवटी वाचा.