डिकीचं एकतिसावं वर्ष

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा २२ वर्षांचा, कॉलेजच्या बेसबॉल संघात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव आलं नाही. दोन सेमिस्टर अर्धवट टाकून स्वतंत्र लीगमध्ये (मोठ्या संघांशी न जोडलेल्या) जायचं म्हणतो. "आर. ए. डिकीला ३७व्या वर्षी जमलं, मग मला कसली घाई?"

ताई, अमेरिकन पिचर डिकीचा दाखला चांगला आहे, पण चिरंजीवांनी गोष्ट शेवटाकडून वाचलीय. मुळात डिकी निवडला गेलेला होता. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्सनी त्याला पहिल्याच फेरीत घेतलं, ८,१०,००० डॉलर देऊ केले. मग मासिकातल्या एका फोटोत त्याचा हात विचित्र लोंबताना दिसला. तपासलं, तर कोपरातला मुख्य लिगामेंटच (हाडं जोडणारा पट्टा) नाही! हातात पडले ७५,०००.

पुढची बरीच वर्षं मोठी लीग आणि तिच्याखालची मायनर लीग यांत वर-खाली करण्यात गेली. २००५ मध्ये संघानेच सांगितलं, आता नकलबॉल टाक. चेंडूत नखं रुतवायची, फिरकी जवळजवळ द्यायचीच नाही. तो कुठे वळेल हे टाकणाऱ्यालाही कळत नाही. (आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११च्या विश्वचषकात टाकलेला संथ चेंडू याच कुळातला.) एप्रिल २००६ मध्ये तो चेंडू घेऊन डिकी उतरला. साडेतीन डावही झाले नाहीत, तोवर सहा होम रन (आपल्या षटकारासारखे)! परत मायनर लीगमध्ये रवानगी. वय ३१, घरी बायको-मुलं.

मला हे वर्ष महत्त्वाचं वाटतं. यानंतर तो नुसता वाट बघत बसला नाही. जुन्या नकलबॉलवाल्यांच्या मागे लागून शिकत राहिला. टिम वेकफील्ड तर प्रतिस्पर्धी संघात असून शिकवायला तयार झाला. २०१२ मध्ये मेट्स संघाकडून २० विजय आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार.

तेव्हा मुलाला "किती वर्षं देशील?" असं विचारू नका. आज येत नाही असं काय पुढच्या वर्षी टाकशील, आणि ते शिकवणार कोण, एवढंच विचारा. उत्तर असेल तर एक-दोन हंगाम जाऊ द्या. नसेल तर मी नको म्हणेन.

पैशांचंही त्याला माहीत असू द्या. २०२३च्या करारात मायनरच्या सर्वांत वरच्या पायरीवर किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला होता. स्वतंत्र लीगमध्ये साधारण त्याहून कमीच.

आणि डिग्री सोडू नये. हंगाम उन्हाळ्यात असतो. एक सेमिस्टर थंडीत बसवता येईल का, हे विद्यापीठाच्या सल्लागाराला याच आठवड्यात विचारा. तुम्ही नको, त्यालाच फोन करू दे.