खारट पाण्याच्या नमुन्यात आयसीपी-एमएसवर (नमुन्याचे प्लाझ्मात आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारं यंत्र) आर्सेनिक खोटं जास्त येतं, काय करावं?

वस्तुमान ७५ चं मापन हेलियम कोलिजन सेल (आयन ज्यातून जातात तो हेलियम भरलेला कप्पा) चालू ठेवून घ्या आणि नमुना फक्त नायट्रिक आम्लाने (सामू २ च्या खाली) आम्लीय करा, हायड्रोक्लोरिकने नाही. आर्सेनिकला ७५ हे एकच स्थिर समस्थानिक आहे, त्यामुळे दुसऱ्या वस्तुमानावर पळायची सोय नाही. प्लाझ्मातला आर्गॉन-४० आणि पाण्यातला क्लोरीन-३५ जोडले गेले की नेमकं ७५ होतं, आणि यंत्र ते आर्सेनिक म्हणून मोजतं. हा जोड-आयन आकाराने मोठा असल्याने हेलियमच्या अणूंवर जास्त वेळा आदळतो, ऊर्जा गमावतो आणि सेलच्या पुढे जात नाही. सेल नीट काम करतोय का, ते असं तपासा:

- अतिशुद्ध मीठ वापरून १००० मिग्रॅ/लिटर क्लोराइडचं, आर्सेनिक न घातलेलं द्रावण चालवा. आकडा कोऱ्या नमुन्याइतकाच यायला हवा.
- त्याच द्रावणात १० मायक्रोग्रॅम/लिटर आर्सेनिक घालून (जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा हीच आहे) ते पूर्ण परत मिळतं का पाहा. कमी आलं तर क्षार सिग्नल दाबतायत. नमुना पातळ करा, जर्मेनियमसारखं अंतर्गत मानक (सिग्नलची घट ओळखून भरून काढण्यासाठी ठराविक प्रमाणात घातलेलं मूलद्रव्य) ठेवा.

पाण्यात निओडिमियम किंवा समॅरियम असेल तर मात्र हेलियम उपयोगाचं नाही. यंत्र वस्तुमान भागिले भार मोजतं, त्यामुळे त्यांचे १५० वस्तुमानाचे दुहेरी भारित आयनही ७५ वरच दिसतात. तिथे ट्रिपल क्वाड यंत्रात (सेलच्या आधी आणि नंतरही वस्तुमान गाळणारं यंत्र) आर्सेनिकला ऑक्सिजन जोडून ते ९१ वर (७५ + १६) मोजावं लागतं.