चार महिन्यांच्या बाळाच्या हार्ट ऑपरेशनआधी औषधाच्या चाचणीसाठी सही मागतायत. करावी का? (कोल्हापूर)

माहितीपत्रक मराठीतच मागा. कोल्हापुरात इंग्रजी कागदावर सही कशाला? त्यावरचा सीटीआरआय (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक त्यांच्या वेबसाइटवर तपासा.

नवं औषध म्हणजे फायदाच, असं धरू नका. बायपास मशीनमुळे (ऑपरेशनच्या वेळी हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र) अंगात दाह वाढतो, म्हणून स्टेरॉइड देतात. पण अमेरिकेत वर्षाखालच्या १,२०० बाळांवर मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड (किलोमागे ३० मिग्रॅ) तपासलं, तेव्हा २०२२ च्या निकालात ठोस फायदा दिसला नाही. उलट साखर वाढून इन्सुलिन जास्त जणांना लागलं. मिलरिनोन या दुसऱ्या औषधाचं तसं नाही, त्याने हृदयाचा जोर टिकतो. मात्र बीपी उतरू शकतं, आणि लघवी कमी असेल तर औषध अंगात साठतं.

प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच डोस) मिळालं तरी नेहमीचे उपचार चालू राहतील ना, इजा झाल्यास खर्च कोणाचा, हे लेखी घ्या. नकार दिलात म्हणून ऑपरेशन अडवता येत नाही.