अमेरिकेत पोलीस ब्लॅक लोकांना जास्त गोळ्या घालतात हे खरं, की मीडियाने वाढवलेलं? (मुलगा शिकायला चाललाय)

खरं आहे. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ पासून नोंद ठेवली, पोलिसांच्या गोळीने वर्षाला हजाराच्या आसपास माणसं मरतात. नुसत्या आकड्यात गोरे जास्त, पण ब्लॅक लोक लोकसंख्येत १३-१४ टक्के आणि मेलेल्यांत जवळपास चौथा हिस्सा. म्हणजे लोकसंख्येच्या हिशोबाने गोऱ्यांच्या तुलनेत प्रमाण दुपटीच्या वर.

लिहायला बसले कारण आमचे भाऊजी, न्यू जर्सीत एडिसनला असतात, दर गणपतीला हाच विषय काढतात आणि म्हणतात, "पोलीस सांगेल ते गुपचूप करायचं, कोणाला काही होत नाही." मी मिनेसोटातल्या सेंट पॉलची. फिलांडो कास्टिल हा ब्लॅक माणूस इथेच शाळेच्या कँटीनमध्ये सुपरवायझर होता. ६ जुलै २०१६ ला फाल्कन हाइट्सला त्याची गाडी थांबवली, सांगितलं ब्रेक लाइट, पण त्याआधी पोलीस रेडिओवर बोलला होता की याचं रुंद नाक दरोड्यातल्या संशयितासारखं दिसतंय. कास्टिलने आपणहून, "सर" म्हणून, सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे. परवाना होता. "मी काढत नाहीये" म्हणाला आणि पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, तो मेला, मागच्या सीटवर चार वर्षांची पोर. २०१७ मध्ये पोलीस निर्दोष सुटला. अजून किती गुपचूप ऐकायचं भाऊजी?

त्यानंतर एकदा ऑफिसातल्या ब्लॅक सहकाऱ्याने मला घरी सोडलं, पन्नाशीचा, अकाउंट्स बघणारा शांत माणूस. नंबर प्लेटचा दिवा गेलेला म्हणून मागे पोलिसांचे लाल-निळे दिवे लागले. त्याने आधी आतला लाइट लावला, चारही काचा खाली, पाकीट काढून डॅशबोर्डवर ठेवलं, हात स्टिअरिंगवर, आणि मला हळूच म्हणाला पर्सला हात लावू नकोस. थंडीत त्याच्या कपाळावर घाम. पोलीस नीट बोलला, वॉर्निंग देऊन गेला, तरी हा पाच मिनिटं गाडी चालू करू शकला नाही. मलाही स्पीडिंगसाठी थांबवलंय, मी ग्लोव्ह बॉक्स उपसून इन्शुरन्सचा कागद शोधत होते, तो पोलीस हसत उभा.

पोलिसांना बहुतेक वेळा शिक्षा का होत नाही तर १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की त्या क्षणी तिथल्या समंजस पोलिसाला काय वाटलं असतं ते बघायचं. मग "मला भीती वाटली" आणि ती वाटणं साहजिक होतं, एवढं ज्यूरीला पटलं की झालं, आणि कोणाची भीती वाटते ते इथे सगळ्यांना माहितीय.

आपण त्यात नाही हाही गैरसमज. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसनला नातवाला सांभाळायला आलेले गुजराती आजोबा सकाळी फिरत होते, कोणीतरी फोन केला की बारीक ब्लॅक माणूस फिरतोय, पोलिसाने जमिनीवर आपटलं, मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. इंग्रजी येत नव्हतं. त्या पोलिसाच्या खटल्यात दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही, शेवटी जजने सोडून दिलं. भाऊजी म्हणतात ती केस वेगळी.

हां, एक सांगायला हवं, हार्वर्डचा अर्थतज्ज्ञ रोलँड फ्रायर (तो स्वतः ब्लॅक आहे) याच्या २०१६ च्या अभ्यासात ह्यूस्टनच्या डेटात गोळीबारात वंशाचा फरक दिसला नाही, न्यूयॉर्कच्या डेटात ढकलणं, बेड्या घालणं यात मात्र दिसला. भाऊजी यातला पहिला अर्धा भागच फॉरवर्ड करतात. आणि बऱ्याच घरांत बंदुका असल्याने पोलिसांनाही धोका असतो, ते मान्य.

मुलाला सांगा गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, काही काढायच्या आधी सांगायचं. आणि कास्टिलचा डॅशकॅम (पोलीस गाडीतला कॅमेरा) व्हिडिओ घरातल्या सगळ्यांना पूर्ण दाखवा, आमच्याकडे भाऊजी दरवेळी मध्येच उठतात.