‘द फिश स्मेल्स बॅड’ की ‘बॅडली’? ॲडजेक्टिव्ह आणि ॲडव्हर्ब कसे ओळखायचे?

‘बॅड’च बरोबर. शेवटी ‘ली’ आहे का हे आधी बघू नका, शब्द कोणाबद्दल सांगतोय ते बघा. नाम किंवा सर्वनामाबद्दल असेल तर ॲडजेक्टिव्ह, म्हणजे विशेषण. क्रियापद, विशेषण किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल असेल तर ॲडव्हर्ब, म्हणजे क्रियाविशेषण.

खरा घोटाळा होतो स्मेल, टेस्ट, लुक, फील, साउंड यांच्यापाशी. तिथे क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून बघा. ‘द फिश इज बॅड’ जमतं, म्हणजे बांगडाच खराब झालाय. बॅड हे ॲडजेक्टिव्ह. पण ‘आई टेस्टेड द करी केअरफुली’ घ्या. ‘आई इज द करी’ अजिबात जमत नाही. इथे आईने कालवण खरोखर चाखलंय, म्हणून चाखणं कसं ते सांगायला ॲडव्हर्ब.

मराठीत ‘छान गाणं’ आणि ‘छान गाते’ दोन्हीकडे छानच चालतं, म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांच्या वह्यांत ‘शी सिंग्ज ब्यूटिफुल’ सापडतं. तिथे ब्यूटिफुलीच हवं.

फ्रेंडली, लोनली, लव्हली ही ‘ली’ असूनही ॲडजेक्टिव्ह. उलट फास्ट आणि लेट दोन्ही कामं करतात: ‘अ फास्ट बोट’, ‘द बोट रीच्ड मालवण लेट’. हार्डला मात्र जपा. ‘फिशरमेन वर्क हार्ड’ म्हणजे ते कष्ट करतात. ‘हार्डली वर्क’ लिहिलंत तर ते जवळजवळ कामच करत नाहीत असा अर्थ होतो.