सिस्टर, शांत वाटतच नाही!

पावसाळा लागला की माझ्याकडे येणारी पत्रं वाढतात. माणसं घरात अडकतात, कपडे वाळत नाहीत, आणि मे महिन्यातल्या पाहुण्यांच्या गडबडीत मागे पडलेलं सगळं वर येतं. यंदा निम्म्याहून जास्त पत्रांत ‘माइंडफुलनेस’ आहे, म्हणजे या क्षणी अंगात-मनात जे चाललंय ते नुसतं लक्ष देऊन बघण्याचा सराव. कुणी मोबाईलवर ॲप लावून करतंय, कुणाला लेकीनं सांगितलंय, कुणाला ऑफिसनं सक्तीनं बसवलंय. माझी सगळी नोकरी मनोरुग्णालयात झाली, तीही बरीचशी बायकांच्या वॉर्डात. त्यामुळे माझी उत्तरं डॉक्टरांसारखी नसतात, आणि महाराजांसारखी तर नाहीतच. या वेळी चार पत्रं घेते. पहिल्याला जास्त जागा देणार आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. दिवे लागायची वेळ झाली की ‘मला घरी सोडा’ म्हणत त्या दाराशी जातात. मी रोज पहाटे वीस मिनिटं माइंडफुलनेस करते, परसात थोडा वेळ बसते, रविवारी अंगाला तेल लावून न्हाते. तरी संध्याकाळी त्यांच्यावर ओरडतेच. शांत वाटतच नाही. माझं काय चुकतंय? (वय ४८, चिपळूण)

ताई, तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यात सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा आहेत, त्यांना आवडणारी पेज आहे, रात्री त्या किती वेळा उठतात तेही आहे. नवऱ्याचा उल्लेख मात्र एकदाच, ‘हे टीव्ही बघत असतात’ एवढाच. नणंदबाई दोनदा येतात. एकदा गणपतीला, आणि एकदा ‘तिला वाटतं मी आईकडे लक्ष देत नाही’ या वाक्यात. तुम्ही विचारलंत ‘माझं काय चुकतंय’. मी पत्र दोनदा वाचलं, मला तरी तुमच्या वीस मिनिटांत चूक सापडली नाही. उरलेल्या तेवीस तास चाळीस मिनिटांत घरात दुसरं माणूस दिसत नाही, हे सापडलं.

आधी त्या वीस मिनिटांबद्दल. हा प्रकार दवाखान्यात पहिल्यांदा पद्धतशीर आणला जॉन कबात-झिन यांनी, १९७९ साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात. त्यांच्याकडे जे रुग्ण पाठवले जात, त्यांतले बरेचजण जुन्या, न जाणाऱ्या दुखण्याचे होते. डॉक्टरांचे उपाय संपले होते. आठ आठवड्यांचा तो वर्ग होता. पाठ दुखायची थांबेल असं वचन त्यात नव्हतं. दुखतंय कुठे, कसं, आणि त्या दुखण्यावर आपण वरून चिडचिड किती चढवतो, हे बघायला शिकवत. शांत वाटलं तर वाटलं. हल्ली ॲपवर समुद्राचा आवाज लावून आधी शांतता विकतात, मग ती मिळाली नाही की माणूस स्वतःलाच नापास करतो. तुमचं तेच झालंय.

तुमच्या पहाटेच्या सरावाचा उपयोग संध्याकाळी असा करून बघा. ओरडण्याच्या आधी अंगात काहीतरी होतं. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचा गळा भरतो, कुणाच्या हातातलं भांडं जोरात आपटतं. तुमचं काय होतं ते तुम्हालाच ठाऊक. ती खूण एकदा ओळखता आली की तिथेच दोन्ही पाय जमिनीवर घट्ट टेकवा आणि तीन-चार श्वास असे सोडा की सोडायला घ्यायच्या दुप्पट वेळ लागेल. श्वास लांबवून सोडला की नाडी जरा मंदावते, ही शरीराचीच रचना आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. राग जाणार नाही. तोंड उघडायच्या आत एक फट मिळेल. रोज नाही मिळणार, आठवड्यातून दोनदा मिळाली तरी पुष्कळ.

आता सासूबाई. संध्याकाळी बिथरणं हे या आजारात फार दिसतं. दिवसभराचा थकवा असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, आणि घर अनोळखी वाटायला लागतं. आमच्या वॉर्डात एक मावशी होत्या, चौथी शिकलेल्या. सहाच्या सुमारास एखादी म्हातारी दाराशी येऊन ‘घरी जायचंय’ म्हणाली की नव्या नर्स समजावत बसायच्या, ‘आजी, हेच तुमचं घर’. आजी आणखी चिडायची. मावशी मात्र म्हणायच्या, ‘जाऊ या की, पण आधी चहा घेऊ. तुमच्या दारात काय हो होतं, आंबा की फणस?’ आणि हात धरून बाकड्यावर आणायच्या. फणसावर गोष्ट निघाली की दार विसरलं जायचं. हे खोटं बोलणं आहे का, असा प्रश्न एका शिकाऊ मुलीनं मला विचारला होता. मी म्हटलं, आजी घर मागत नाहीये, घरासारखं वाटणं मागतेय, ते मावशी देतायत.

तर वाद घालू नका. दिवेलागणीची वाट न बघता पाच वाजताच घरातले दिवे लावा, पावसाळ्यात तर चारलाच. खिडक्यांचे पडदे ओढा. आरशात त्या स्वतःला ओळखत नसतील तर आरसा झाका. दुपारचा चहा चारच्या आत संपवा. त्या वेळेला हातांना काम द्या. वाती वळायला द्या, कुळीथ निवडायला द्या, धुतलेले पंचे घडी करायला द्या. घड्या मोडून पुन्हा दिल्या तरी चालतं. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. असं बिथरणं एक-दोन दिवसांत एकदम वाढलं, झापड आली किंवा ताप आला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. लघवीची तपासणी करून घ्या. म्हाताऱ्या माणसांत लघवीच्या जंतुसंसर्गानं आधी डोकं बिघडतं, जळजळ वगैरे नंतर, कधीकधी तर होतही नाही.

रविवारचं तेल चालू ठेवा. फक्त त्या वेळेला बाथरूमच्या बाहेर कुणीतरी बसलेलं असलं पाहिजे. तुम्ही लिहिलंय, ‘न्हाताना कान बाहेरच असतो’. मग ते न्हाणं कसलं! इथे टीव्ही बघणाऱ्या गृहस्थांची गरज आहे. त्यांना ‘मदत करा’ म्हणू नका, मदत म्हटलं की ती पाहिजे तेव्हा करायची असते. वार आणि वेळ ठरवून द्या: मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेपाच ते साडेसात आई तुमची. त्या दोन तासांत तुम्ही घरात थांबायचं नाही. वाशिष्ठीच्या बाजूला फिरा, शेजारी बसा, काहीही करा. नणंदबाईंना दिवाळीनंतरचे आठ दिवस द्या. टीका करायला त्यांना जितकं घर माहीत आहे तितकं सांभाळायलाही माहीत असणार. या आजाराच्या घरांसाठी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून काम करते, तिच्याशी जोडून घ्या. रात्री अगदीच सहन होईनासं झालं तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणारा, नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्यांना सांगून फोन केला पाहिजे असं काही नाही.

मला पॅनिक अटॅक यायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी गेले तीन महिने बरं आहे. आता इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून गोळ्या कायमच्या बंद कराव्यात असं वाटतं. मावशी म्हणते गोळ्यांची सवय लागते, आधीच सोड. (वय २७, नाशिक)

बाळा, मावशीला नमस्कार सांग आणि गोळ्या चालू ठेव. बरं वाटतंय ते बहुधा गोळ्यांमुळेच वाटतंय. या गोळ्या बरं वाटायला लागल्यावरही काही महिने घ्यायच्या असतात, आणि सोडायच्या त्या डॉक्टरांच्या हिशेबानं, कमी कमी करत. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं असे प्रकार होतात. झोपेची किंवा घबराटीची जी दुसरी छोटी गोळी काहींना देतात, ती बरेच दिवस घेऊन एकदम बंद केली तर फिटही येऊ शकते. मी अशा पोरी पहाटे तीनला कॅज्युअल्टीत आलेल्या पाहिल्या आहेत.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राबद्दल मला आदर आहे. १९७६ पासून तिथे शिबिरं होतात, फी नाही, जो शिबिर पुरं करतो त्याचंच दान घेतात. पण तिथे काय असतं ते नीट समजून घे. पहाटे चारला घंटा. दिवसाला जवळजवळ दहा तास बसणं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, फोन जमा. पहिले तीन दिवस नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष. ज्याला छातीत धडधडलं की ‘आता गेलो’ वाटतं, त्याला दहा तास श्वासाकडे बघायला सांगणं हा मोठा डोस आहे. प्रवेशाच्या अर्जात मानसिक आजार आणि औषधं यांचे प्रश्न असतात. तिथे खरं लिही. शिकवणारेच सांगतात की हे वैद्यकीय उपचाराच्या बदली नाही.

एक गोष्ट तुला आवडेल. हे शिबिर भारतात आणणारे सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात व्यापारी होते. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता, इतका की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन म्हणजे तिथल्या सरकारचे महालेखापाल, आणि विपश्यनेचे शिक्षक. डोकेदुखी बरी करायला आलोय म्हटल्यावर त्यांनी गोयंकांना शिकवायला नकार दिला. डोकेदुखीसाठी डॉक्टरकडे जा, हे त्यासाठी नाही, असा त्यांचा रोख होता. गोळ्या सोडवायला येते म्हणणाऱ्या पोरीला ते काय म्हणाले असते याचा अंदाज कर.

तोवर घरी करायचं तर डोळे उघडे ठेवून, दहा मिनिटं, आणि लक्ष श्वासावर न ठेवता तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर ठेव. घाबरायला झालं तर ऊठ आणि चाल. बसून राहण्यात काही मर्दुमकी नाही. शिबिराचं वर्षभरानं, डॉक्टरांना विचारून बघू.

झोप येत नाही. रात्री दुधात अर्धं जायफळ, सकाळी अश्वगंधा चूर्ण, डोक्याला ब्राह्मी तेल. सगळं नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही ना? थायरॉईडची गोळी चालू आहे. (वय ६१, कराड)

दादा, अर्धं जायफळ? चिमूटभर उगाळलेलं ठीक. जास्त जायफळानं तोंड कोरडं पडतं, धडधडतं, भ्रमही होतो. कण्हेरही नैसर्गिकच आहे हो. अश्वगंधेनं थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं, आणि काहींच्या यकृतालाही त्रास झाल्याची नोंद आहे. गोळी चालू असताना ती स्वतःच्या मनानं घेऊ नका. वैद्यांना गोळी सांगा, डॉक्टरांना चूर्ण सांगा. दोघांपासून एकमेकांची चोरी कशाला?

तेल लावा, आवडत असेल तर. त्याहून मला काशाच्या वाटीनं तळपाय घासणं पसंत आहे. वाटी काळी पडली की ‘उष्णता निघाली’ म्हणतात. तो काळेपणा धातूचा आणि तेलाचा असतो. पण कुणीतरी दहा मिनिटं आपले पाय हातात घेतं, हे आपल्या घरांत दुसऱ्या कुठल्या निमित्तानं होतं? बायकोला एकटीलाच घासायला लावू नका, तिचेही घासा.

आणि तुम्ही ओझरतं लिहिलंय की घोरण्यामुळे बायको दुसऱ्या खोलीत झोपते, नि दुपारी पेपर वाचता वाचता तुमचा डोळा लागतो. झोपेत श्वास अडकतो का, हे छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. त्यावर जायफळ चालत नाही.

मी ध्यानाचं ॲप वापरते, वर्षाचे पैसे भरलेत. आई हसते, म्हणते, मी रोज माळ ओढते तेच की हे. खरं कुणाचं? (वय ३३, डोंबिवली)

आईचं बरंचसं. इटलीतल्या डॉक्टरांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला होता, २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. त्यांना लॅटिनमधून रोझरी, म्हणजे ख्रिस्ती लोकांची जपमाळ, म्हणायला लावली आणि ‘ओम् मणि पद्मे हुम्’ हा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदय-रक्तदाबाची लय सुधारली. माळ ओढताना तुझ्या आईचा श्वास मोजून बघ, तिला न सांगता. सांगितलंस की बिघडेल. मात्र आई माळ ओढता ओढता कामवालीला सूचना देत असेल, तर तेवढ्यापुरतं तुझं खरं.

ॲपचे पैसे भरलेतच, तर वर्ष संपेपर्यंत वापर. पुढच्या वर्षी भरू नकोस.