राजीनामा पर्समध्येच राहू द्या

मिरजेहून एका भगिनीचं पत्र आलंय. यजमान 47 वर्षांचे, औषध कंपनीत एमआर. गुदाशयाचा कर्करोग. रेडिएशन आणि केमोच्या गोळ्या झाल्या, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. त्यांची रजा संपून पगार थांबलाय. बाई स्वतः कुपवाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात, हाती 42,000 येतात. प्रश्न असा: 12 लाखांची एफडी संपतेय, नात्यातले एक एजंट म्हणतात वर्षाला 2 लाख असे सात वर्षं 'गॅरंटीड इन्कम' पॉलिसीत भरा. भरू का? आणि पत्राच्या तळाशी, जाता जाता: 'यांच्याजवळ थांबता यावं म्हणून 30 तारखेला राजीनामा देतेय. खर्चाचं टेन्शन नाही, माझ्या कंपनीचा 10 लाखांचा मेडिक्लेम आहे.'

ताई, पॉलिसी नको. पुढच्या वर्षी घरात किती पगार येणार हेच ठाऊक नसताना सात वर्षांचा हप्ता कसला बांधून घेताय? मध्येच थांबलात तर भरलेल्यातली बरीच रक्कम बुडते. सगळे हप्ते भरलेत तरी असल्या पॉलिसींचा परतावा साधारण 5-6 टक्के, तो एफडीही देते. आजारी माणसाच्या घरी फॉर्म घेऊन येणाऱ्या पाहुण्याला चहा द्या, सही देऊ नका.

आता तळाची ओळ. तो मेडिक्लेम तुमच्या नोकरीला बांधलेला आहे. बहुतेक कंपन्यांत नोकरीचा शेवटचा दिवस तोच विम्याचाही, यजमानांसकट. ऑपरेशनची तारीख त्या दिवसाच्या पुढे गेली की त्याचे साडेचार लाख घरातून. कर्करोगाचं निदान झालेल्याला नवी पॉलिसी मिळणं जवळजवळ अशक्य. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करता येतो, पण त्यावर भिस्त ठेवून राजीनामा देऊ नका.

शिवाय ऑपरेशन एकच नाही. तुम्हीच लिहिलंय, पोटावर मळासाठी तात्पुरती पिशवी येणार. ती काढायला काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, मध्ये केमो आली तर आणखी उशिरा. दीड लाख धरा. तेव्हाही विमा चालू हवा.

'दोन महिन्यांत हे पुन्हा गाडीवर,' हे वाचून मात्र मी थांबलो. मळ साठवणारा भागच काढल्यावर, पिशवी गेली तरी, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागणं, घाई होणं, कधी ताबा न राहणं हे पुष्कळांना होतं. हळूहळू कमी होतं, पण वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, थोडं कायमही राहू शकतं. सर्जनना स्पष्ट विचारा. दिवसभर मोटरसायकलवर डॉक्टर गाठत फिरणाऱ्या माणसाला हे कसं जमणार? त्यांच्या कंपनीकडे ऑफिसातलं काम आत्ताच मागा. म्हणजे वर्षभर तरी कमावणाऱ्या तुम्हीच.

हिशेब करू. घरखर्च, गृहकर्जाचा हप्ता, पिशव्या, औषधं, सगळं मिळून महिना 65,000. नोकरी सोडलीत आणि दोन्ही ऑपरेशनं खिशातून झाली तर 12 लाखांतले 6 गेले. उरलेले नऊ महिन्यांत साफ. नोकरी ठेवलीत तर महिन्याची तूट 23,000, वर्षाला पावणेतीन लाख. दोन महिने बिनपगारी रजा घ्या: 85,000. नंतर चार महिने दिवसा मदतनीस: 60,000. एकूण सव्वाचार लाख. पावणेआठ शिल्लक. रजा मात्र लेखी मंजूर करून घ्या, आणि तेवढ्या काळात विमा चालू राहील हेही एचआरकडून लेखी घ्या.

पिशवी बदलायला नर्स शिकवतील तेव्हा तुम्ही शिकाच, पण यजमानांनाही शिकू द्या. सगळं बायकोनं करावं लागतंय याची लाज पुरुषांना आजारापेक्षा जास्त टोचते, हे मी घरात पाहिलंय.

कव्हर संपलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे: कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत, आणि जुलै 2024 पासून रेशन कार्डाच्या रंगाची अट नाही. तुमचं रुग्णालय त्यात आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

एफडीतले 5 लाख बचत खात्यात, 7 लाख वर्षभराच्या नव्या एफडीत. दोन्हींवर तुमचंही नाव, 'दोघांपैकी कोणीही' असं. यजमानांची सही लागेल, तेव्हा ऑपरेशनच्या आधीच बँकेत जाऊन या.